चवथीसाठी उघडमीट होणारी प्रभावळ: कोणते ठोकळे घेऊ?

फोंडेकर: यंदा गणपतीमागे दोरी ओढली की फुलणारी आणि सोडली की मिटणारी प्रभावळ करायची आहे. मुलाकडे लेगो टेक्निकचे सुटे तुकडे आहेत: सरळ पट्ट्या भरपूर, मधे वाकलेल्या चार-चार भोकांच्या आठ, काळ्या पिना मूठभर. मोटर नको. बजेट 1500 रुपये. काय विकत घेऊ?

मांडवीकाठ: सुटं घेऊच नका, मोठा संच घ्या. आमच्याकडे क्रेन आहे, बारा हजार पडले. लागेल तो तुकडा त्यात सापडतो.

डिचोलीचो_बाब: प्लॅस्टिक कशाला? मी लोखंडी पट्ट्या आणि नटबोल्टचा संच घेतला होता. जुलैच्या पावसात स्क्रू असे गंजले की पक्कड लावूनही सुटेनात. गोव्यात लोखंड घेणार असाल तर पितळी नटबोल्ट वेगळे घ्या.

सांधा_सुटा: क्रेन नको, लोखंडही नको. आधी पिना बदला. काळ्या पिना मुद्दाम घट्ट असतात. अशा दहा सांध्यांचा घट्टपणा एकत्र आला की दोरी तुटेल, प्रभावळ हलणार नाही. राखाडी पिना सैल फिरतात, त्या घ्या. कंपनी दुसरी असेल तर रंगावर जाऊ नका, बोटाने फिरवून बघा.

आता आकाराचं. मधोमध जोडलेल्या सरळ पट्ट्यांची कैची चॅनेल गेटसारखी सरळ रेषेतच लांबते. गोल हवा तर प्रत्येक पट्टी मधे वाकलेली हवी आणि जोडीतल्या दोन पट्ट्या त्या वाकावरच एकमेकींना जोडायला हव्यात. उघडमीट होणाऱ्या रचना करणारे अमेरिकी संशोधक चक हॉबरमन यांनी हीच युक्ती वापरली, 1990 चं पेटंट आहे. पट्टी जितके अंश वाकलेली, तितका कोन एक जोडी व्यापते, मग ती उघडी असो वा मिटलेली. तुमच्या पट्ट्या 53.13 अंशांच्या. सहा जोड्यांचे 318.78 होतात, सातांचे 371.91. वर्तुळ जुळत नाही. त्यापेक्षा काटकोनी 3×5 भोकांच्या आठ पट्ट्या घ्या. चार जोड्या, 360 अंश, चोख.

माशेलकरीण: गोल फुलणारा तयार चेंडू मिळतो की! भाचीसाठी आणला होता, तोही हॉबरमनचाच. अर्धा मखरात बसवायचा.

मांडवीकाठ: चॅनेल गेट कुठे आणि हे कुठे? गेटला खाली रूळ असतो.

सांधा_सुटा: रूळ फक्त दिशा देतो. उघडमीट कैचीच करते.

कुळागर: पिना सैल हव्यात, काळ्या नकोत. आणि सगळ्यांना विनंती, मखराला थर्मोकोल लावू नका. बांबू, सुपारीची झावळी, माटोळीची (गणपतीवर टांगतो त्या छताची) फळं, आपल्याकडे कशाला तोटा आहे?

मांडवीकाठ: थर्मोकोलचं कोण बोललं इथे?

माशेलकरीण: कुळागर बरोबर सांगतायत. आमच्या वाड्यावर अजून लावतात.

सांधा_सुटा: फोंडेकर, एक राहिलं. तुमच्या वाकलेल्या पट्टीचं टोकाचं भोक अधिकच्या चिन्हासारखं असतं, त्यात पिन फिरत नाही. आतलं गोल भोक वापरा. भोकांतलं अंतर 8 मिलिमीटर, म्हणजे वाकापासून सांधा 16 मिलिमीटरवर येईल. आकार लहान होईल. म्हणून सांगतो, काटकोनीच घ्या.

डिचोलीचो_बाब: मीही तेच म्हणतो, काटकोनी. पितळी नटबोल्टवर.

फोंडेकर: सगळ्यांचे आभार. क्रेन, चेंडू, काटकोनी, काहीच घेत नाही. सांधा_सुटांच्या हिशोबाने आठ वाकलेल्या पट्ट्यांच्या चार जोड्या 212.52 अंश व्यापतात. प्रभावळीला पूर्ण वर्तुळ लागतच नाही! खालची बाजू पाटासाठी मोकळीच हवी. आमची मूर्ती वीतभर आहे, त्यामुळे लहान आकारच शोभेल. जोडीतली एक पट्टी वरच्या थरात, दुसरी खालच्या. मधले चार सांधे आणि जोड्यांमधले सहा, दहा सैल पिनांत काम होतं. सांधे मध्यापासून सरळ आतबाहेर सरकतात, म्हणून दोन्ही टोकांना प्लायवूडमध्ये तिरप्या खाचा पाडतो आणि दोरी वरच्या सांध्याला बांधतो. पिना मागवल्या, वीस. उरलेल्या पैशांची माटोळी.

सांधा_सुटा: खाच घासून गुळगुळीत करा, आणि मेण लावा. तेल नको, धूळ बसते.