मदत हवी आहे: ढगांच्या माथ्याची उंची कशी काढावी?

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीत राहते, लेकीच्या अकरावीच्या प्रकल्पासाठी विचारतेय. दुपारच्या कापशी ढगांचा पाया आम्ही गच्चीवरून काढतो: हवेचं तापमान वजा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं ते), गुणिले 125 मीटर. अंदाजच, पण पारसिकच्या डोंगरावरचे ढग बघताना फार मजा येते. विमानतळांवर हेच काम सिलोमीटर करतो. लेसरचा झोत वर सोडायचा, परतायला लागलेल्या वेळेवरून उंची.

माथ्यासाठी इन्सॅट-3डीएस या हवामान उपग्रहाची अवरक्त (उष्णता टिपणारी) चित्रं बघतो. माथा जितका थंड, तितका साधारण उंच. घोडं अडलंय ते विरळ सिरस ढगांपाशी, म्हणजे खूप उंचावरच्या पिसांसारख्या बर्फकणांच्या ढगांपाशी. खालची उष्णता त्यांतून आरपार येते, त्यामुळे उपग्रहाला ते प्रत्यक्षापेक्षा खाली भासतात. ही चूक कशी सुधारायची? 2024 मध्ये सोडलेल्या अर्थकेअर उपग्रहाच्या लायडारची (लेसरने ढगांची उंची मोजणाऱ्या उपकरणाची) आपल्याकडची मोजमापं साध्या लॅपटॉपवर उघडता येतात का? कुणी वापरली असतील तर कृपया सविस्तर सांगा.