अठरा पूर्ण झाल्यावर पुढे काय?
"अठरा झाली की बालगृहातल्या मुलांनी आपलं आपण बघावं" असं काही जण म्हणतात, ते मत मला पटत नाही. आपल्या घरातली पोरं अठराव्या वर्षी आपलं आपण बघतात का?

सांगलीत आमच्या शेजारी बालगृहातून बाहेर पडलेला असाच एक मुलगा खोली घेऊन राहायला आला. पत्र्याची पेटी आणि पिशवीत दहावीचं मार्कलिस्ट, एवढंच सामान. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायचा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सोडल्यानंतरच्या आधाराची तरतूद आहे, मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतून महिना ४,००० रुपये मिळू शकतात, अनाथ प्रमाणपत्रावर राज्यात १ टक्का आरक्षण आहे. त्याला यातलं कुणी काहीच सांगितलं नव्हतं! प्रमाणपत्र, आधार, बँक खातं ही तयारी सोळाव्या वर्षीच सुरू व्हायला हवी, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाने बाहेर पडलेल्या प्रत्येकाची नंतरही विचारपूस करायला हवी.

पैशाइतकंच हक्काचं माणूसही लागतं. त्याला टायफॉइड झाला तेव्हा मी मिरजेला दवाखान्यात नेलं. फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा रकाना होता. पेन हातात धरून तो माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, इथं काय लिहू?"