शब्द हवा: मज्जातंतूला 'फूट' म्हणावं का?

टिटवी: मेरुरज्जूच्या (स्पायनल कॉर्डच्या) दुखापतीवरचा लेख मराठीत आणतेय. रिजनरेशन आणि स्प्राउटिंगपाशी अडलेय. तुटलेला तंतू तुटल्या जागेवरून पुन्हा वाढतो ते पहिलं. शेजारचा धडधाकट तंतू बाजूला नवी फांदी काढतो ते दुसरं. मी दोन्हीला 'पुनर्निर्मिती' लिहून मोकळी झाले, तर संपादकबाईंनी समासात लिहिलंय, 'म्हणजे नेमकं काय?'

बागवाला: दुसऱ्याला आमच्याकडे रोजचा शब्द आहे, बगलफूट. द्राक्षाच्या काडीला पानाच्या बेचक्यातून येते ती. आम्ही ती खुडून टाकतो, तुमचे डॉक्टर तिची वाट बघतात.

जुनाट: 'फूट' म्हटलं की मराठी माणसाला पक्ष आठवतो. पुनर्जनन आणि पार्श्वांकुरण म्हणा की. आणि मेरुरज्जू कुठून काढलात? आम्ही मज्जारज्जू शिकलो.

फिजिओताई: मज्जारज्जू नकोच. मणका मोडलेल्या एका मुलाच्या वडिलांना मी तोच शब्द सांगितला. ते शर्टाची बाही वर करून म्हणाले, "माझी मज्जा काढा, त्याला घाला." त्यांना बोनमॅरो वाटला. शेवटी म्हटलं, मणके ही नळी, आतली वायर तुटलीय. तर पुढचा प्रश्न, "मग वायरमनसारखी जोडत का नाहीत?" पार्श्वांकुरण म्हटलं असतं तर हात जोडून निघूनच गेले असते.

टिटवी: लेखात नेमकं तेच आहे! १९८१ साली मॉन्ट्रियलमध्ये डेव्हिड आणि अग्वायो या संशोधकांनी मोठ्या उंदरांच्या पायातल्या नसेचा तुकडा घेतला. त्याचं एक टोक मेंदूच्या बुंध्यात, दुसरं मेरुरज्जूत बसवलं. एरवी न वाढणारे तंतू त्या पुलातून सुमारे ३ सेंटीमीटर वाढले, पण पलीकडे मेरुरज्जूत शिरताच थबकले. म्हणजे तंतूत धमक आहे, आजूबाजूची जागा वाढू देत नाही. पुढे झ्युरिकच्या श्वाब यांच्या गटाने तंतूंच्या वेष्टणातली अडवणूक शोधली. त्यातल्या एका प्रथिनाचं नावच 'नोगो', म्हणजे पुढे जायचं नाही.

बागवाला: मग हे कलमच झालं. वेल तोच, खुंट बदलला.

जुनाट: कलम कायद्याचं असतं, नाहीतर आंब्याचं. आणि नोगोला 'मज्जाव' म्हणा, आयता शब्द आहे.

फिजिओताई: पुन्हा मज्जा! :)

जुनाट: तो अरबीतून आलाय, मज्जेशी संबंध नाही.

पेरूची फोड: मधेच विचारते, 'मज्जा आली' यातली मज्जा हाडातलीच ना?

जुनाट: नाही हो. ती फारसी मजा. लाडाने ज वर जोर देऊन आपण जोडाक्षर केलं.

बागवाला: रविवारी मटणाची नळी ताटावर आपटून बघा, मग सांगा फारसी की काय ते.

टिटवी: अहो, पहिल्याला काय लिहू? उद्या अंक छपाईला जातोय.

पेरूची फोड: नळी की नल्ली?