फ्लॅटमध्ये चैत्रांगण कशावर काढावे?

प्रश्न
चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर बसली की त्या दिवसापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे महिनाभर, माझ्या सासूबाई रोज सकाळी तुळशीपुढच्या सारवलेल्या जमिनीवर चैत्रांगण (गौरीपुढची शुभचिन्हांची रांगोळी) काढत असत. यंदा ते प्रथमच माझ्याकडे आले आहे. आमच्या चौथ्या मजल्यावरील घरात गुळगुळीत फरशीवर रांगोळी ठरत नाही, आणि दाराबाहेर काढावी तर दूधवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सर्वांचे पाय तिच्यावर पडतात. छापील स्टिकर चिकटवले तर चालेल का? शिवाय सगळी चिन्हे काढायला मला दीड तास लागतो. त्यांतील काही वगळता येतील का?

प्रतिसाद १
फरशीवाल्याकडून कडाप्प्याचा दीड-दोन फुटांचा तुकडा आणावा आणि पॉलिश न केलेली बाजू वर ठेवून त्यावर गेरूचा हात फिरवावा. गेरू पुरता वाळू द्यावा, कारण ओलसर गेरूवर रेघ विरघळल्यासारखी दिसते. रांगोळी आधी उन्हात वाळवून चाळून घेतली, तर चिमटीतून अखंड सुटते. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसले की झाले.

प्रतिसाद २
स्टिकरला माझा विरोध शास्त्रापोटी नाही. चैत्रांगण रोज पुसायचे आणि रोज नव्याने काढायचे असते. चिकटवलेले चित्र महिनाभर तसेच राहिले, तर चौथ्या दिवसापासून त्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. चिन्हांचे म्हणाल, तर ती घरोघरी वेगळी असतात. आमच्याकडे आधी आंब्याचे तोरण आणि त्याखाली मखरातली गौर काढतात. मग सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्मे, तुळशीवृंदावन, कासव आणि नाग येतात. गौर महिनाभर माहेरी आलेली असते, म्हणून तिची फणी, करंडा आणि आरसा मी कधी गाळत नाही. हत्ती, अंबारी, पालखी हे मात्र सवडीने काढावे. (माझ्या आजीचा हत्ती म्हशीसारखाच दिसे, त्यावरून तिला कोणी बोलल्याचे मला आठवत नाही.) पहिल्या आठवड्यात दहा-बारा चिन्हे पुरेत, हात बसला की बाकीची आपोआप येतात.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. ओट्याच्या कामातून उरलेला कडाप्पा बाल्कनीत सापडला आणि आज त्यावर अकरा चिन्हे पंचवीस मिनिटांत झाली. शुक्रवारी हळदीकुंकू आहे. आंब्याची डाळ आणि पन्हे होईलच, पण तोवर गौरीचा आरसा तरी गोल यायला हवा.