प्रति: बंदूक टाकून बायबल

वर कुणीतरी लिहिलंय की फौजी अधिकारी पाद्री होतो तो युद्धाच्या पश्चात्तापापोटी. नेहमीच तसं नसतं हो. हिटलरला विरोध करणारा जर्मन पाद्री मार्टिन निमोलर, त्याचं बघा. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुडीवर अधिकारी, १९१८ मध्ये यूसी-६७ या पाणबुडीचा कप्तान. युद्ध हरल्यावर पाणबुड्या इंग्रजांच्या हवाली करायला नेण्याचा हुकूम आला, तो यानं साफ धुडकावला. पश्चात्ताप कसला, उलट घुश्शातच होता गडी! मग शेतावर मजुरी केली. स्वतःची जमीन घ्यायला पैसे पुरेनात, तेव्हा धर्मशास्त्राकडे वळला (वडील लुथरन पाद्रीच होते म्हणा). शिकताना भयानक महागाईनं नोटांची रद्दी झालेली, म्हणून हा माजी कप्तान रेल्वेच्या रुळांवर गँगमनचं काम करायचा. १९२४ मध्ये दीक्षा, पुढची काही वर्षं वेस्टफालियात ‘अंतर्गत मिशन’चा कारभार, म्हणजे आपल्याच देशातल्या गोरगरिबांची सेवा.

हिटलरशी भांडून छळछावणीत गेला हे सगळ्यांना माहीत असतं. पण १९३९ ला युद्ध पेटल्यावर त्याच छावणीतून त्यानं नौदलात परत घ्या असा अर्ज केला होता! शांततावादी झाला तो १९५४ नंतर, जर्मन अणुशास्त्रज्ञ ऑटो हानकडून हायड्रोजन बॉम्बची माहिती ऐकल्यावर. तोवर झगा चढवून तीस वर्षं झाली होती.