वडिलांची गाणी मुलानेच गायची का? (गीतरामायण आणि श्रीधर फडके)

मध्यलय:
रामनवमी जवळ आली की गावोगावी गीतरामायणाचे कार्यक्रम लागतात. त्यात श्रीधर फडके गाणार असतील तर विचारायलाच नको. लोकांना 'बाबूजींचा', म्हणजे सुधीर फडक्यांचा, मुलगा ऐकायचा असतो, आणि माझं दुखणं हेच आहे.

सुधीर फडके २००२ साली गेले. गीतरामायण वारशाने मुलाकडे आलं, हे समजू शकतो. पण ज्या माणसाने 'ओंकार स्वरूपा'ला चाल दिली, आशाबाईंकडून 'ऋतू हिरवा' गाऊन घेतलं, त्याच्या फक्त स्वतःच्या चाली ऐकायला किती जण तिकीट काढतील? आपण त्याला वडिलांच्या जागेवर बसवलं आणि टाळ्या वाजवून वाजवून उठूच देत नाही. यात गायकाला बोल लावत नाही, रसिक म्हणवणाऱ्या आपल्यालाच लावतोय.

शिवाय गाणं थिजतं ते वेगळंच. मुलगा गातोय म्हटल्यावर लोक जागा, म्हणजे वडिलांच्या ठरलेल्या मुरक्या-हरकती, मोजत बसतात. 'पराधीन आहे' मध्ये तिऱ्हाईत गायकाने यमनकल्याण रागातली एखादी वेगळी हरकत घेतली तर वाहवा मिळेल. तीच मुलाने घेतली की 'वडिलांची सर नाही' ठरलेलं. माझं मत: गीतरामायण आता फडके आडनाव नसलेल्यांनी गावं आणि श्रीधरजींनी श्रीधरजींचं गावं.

अबोली_७२:
मुळातच गल्लत होतेय. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. दर आठवड्याला एक नवीन गाणं, असं वर्षाहून थोडं अधिक चालून ५६. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, पण गळे कितीतरी! माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिताबाई फडके... ज्या त्या पात्राला त्याचा आवाज. सगळीच्या सगळी एकट्याने गायचं बाबूजींनी पुढे मंचावर केलं. आपण ज्याला मूळ समजून जागा मोजतो ती दुसरी आवृत्ती आहे. तिसरी मुलाने काढली तर कुणाचं काय बिघडलं?

मध्यलय:
तिसरी आवृत्ती काढली तर पहिल्या रांगेत येऊन बसेन. लोकांना पुनर्मुद्रण हवंय, हीच तर तक्रार आहे.

खर्जातला:
अहो, पहिल्याच गाण्यात काय आहे? राम ऐकतोय आणि कुश-लव रामायण गातायत. शेवटच्या, छप्पन्नाव्या गाण्यात वाल्मीकी त्यांनाच 'गा बाळांनो' म्हणून सांगतो. बापाची गोष्ट मुलांनी गायला याहून मोठा परवाना कुठला हवा?

कोरा_कागद:
@खर्जातला, तिथे राम समोर बसून ऐकत होता हो! नाही पटलं तर थांबवायला हजर होता. (आणि ही आपलीच पोरं आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणजे दाद निव्वळ गाण्याला. आपल्याकडे आडनाव आधी कळतं, गाणं नंतर.)

डफवाला:
हा सगळा वाद एसी हॉलमधला आहे, माफ करा. प्रल्हाद शिंदे २००४ ला गेले. 'पाऊले चालती पंढरीची वाट' त्यांचा मुलगा आनंददादा गातात, नातू आदर्श गातो. लोकं त्याला हात जोडतात आणि त्याच मंचावर आनंददादांचा 'नवीन पोपट' सुरू झाला की नाचतात. बापाचं कुठलं आणि लेकाचं कुठलं, हिशोब कोण ठेवतंय? आमच्याकडे गाणं पोरांच्या तोंडात राहिलं म्हणजे झालं.

मध्यलय:
डफवाला, तुम्ही माझीच बाजू मांडलीत की! तिथे लेकाला त्याचा पोपट मिळालाय. लोक तो मागून घेतात. इकडे कार्यक्रमात चिठ्ठ्या येतात त्या सगळ्या वडिलांच्या गाण्यांच्या.

एकादशी_दुप्पट_खाशी:
मोठ्या नावांचं राहू द्या, आमच्या भजनी मंडळाचं सांगतो. वडील पेटी वाजवायचे आणि गायचेही. ते गेल्यावर मंडळींनी मला न विचारताच पेटी माझ्यापुढे सरकवली. मी अभंग घेतला की पखवाजवाले काका एका ठरावीक ओळीनंतर हात उचलून धरायचे. का, तर अण्णा तिथे श्वास घ्यायचे! अण्णांना दमा होता म्हणून ते थांबायचे. मला दमा नाही. तरी मी अजून तिथे थांबतो, कारण नाही थांबलो तर ठेका चुकतो आणि पाच जण वळून बघतात. त्यामुळे मध्यलय यांचं पटतंय. पण पेटी दुसऱ्या कुणाला दिली असती तर मी मंडळात पाऊल ठेवलं नसतं, हेही खरं.

खर्जातला:
दम्याची जागा परंपरा झाली, हे भारी आहे. घराणी अशीच तयार होत असतील!

अबोली_७२:
@मध्यलय, एक उदाहरण तुम्ही सोयीने विसरलात. 'लक्ष्मीची पाऊले' मधलं 'फिटे अंधाराचे जाळे'. शब्द सुधीर मोघ्यांचे, गायलंय आशाबाई आणि बाबूजींनी, आणि चाल श्रीधर फडक्यांची. म्हणजे मुलाने बांधलेली चाल वडील गायले, वडील हयात असताना. आता तेच गाणं मुलगा मंचावर गातो तेव्हा ते वडिलांचं धरायचं की त्याचं? तुमच्या नियमाने गायला परवानगी आहे की नाही?

मध्यलय:
आहेच, चाल त्याची आहे. पण समोर बसलेल्या निम्म्या लोकांना ते बाबूजींचंच गाणं वाटत असतं, पैज लावा.

अबोली_७२:
मग त्यांना सांगा ना! दोष रसिकांचा म्हणायचं आणि उपाय म्हणून गायकालाच वडिलांची गाणी सोडायला सांगायचं, हा कुठला न्याय? पुढच्या कार्यक्रमाला जाल तेव्हा तुम्ही स्वतः 'काही बोलायाचे आहे' ची चिठ्ठी पाठवा. कुसुमाग्रजांची कविता, आवाज श्रीधरजींचा.

मध्यलय:
पाठवतो. आणि ती बाजूला ठेवून 'सेतू बांधा रे' घेतलं तर?

कोरा_कागद:
तर कोरसमध्ये गा. तुम्ही गाता, सगळ्यांना माहीत आहे.