बॅटरी हेल्थ ‘गुड’, तरी ३५ टक्क्यांवर फोन बंद. खरी तब्येत मोजायची कशी?

किरकिरा स्पीकर

अँड्रॉइड फोन, वय अडीच वर्षं, खोक्यावर बॅटरी ५००० एमएएच लिहिलेली. हल्ली व्हिडिओ शूट करताना ३५ टक्क्यांच्या आसपास धाडकन बंद पडतो. चार्जरला लावून चालू केला की पुन्हा ३०-३२ टक्के दाखवतो. *#*#४६३६#*#* डायल केलं तर बॅटरी हेल्थ ‘गुड’. सेटिंग्जमध्ये टक्केवारी कुठेच नाही. तर, नेमकी किती बॅटरी उरली आहे हे कसं काढायचं? शून्यापर्यंत उतरवून १०० पर्यंत चार्ज केल्याने सुधारते म्हणतात, ते खरं का? आणि चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा आता लावून काही फायदा आहे की बैल गेला नि झोपा केला?

मिलीअँपिअर

तो ‘गुड’ आधी डोक्यातून काढा. अँड्रॉइडमधला हा नुसता शेरा आहे: गुड, ओव्हरहीट, डेड, कोल्ड अशा मोजक्या शेऱ्यांपैकी एक. आत्ता या क्षणी बॅटरी तापलेली नाही आणि व्होल्टेज हद्दीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. निम्मी क्षमता गेलेली बॅटरीसुद्धा ‘गुड’च असते.

काही फोन स्वतःच आकडा देतात. आयफोनमध्ये सेटिंग्ज, बॅटरी, बॅटरी हेल्थ. १५ मालिकेपासून पुढे सायकल, म्हणजे पूर्ण चार्जिंगच्या फेऱ्या, किती झाल्या आणि बॅटरी कधी बनली तेही तिथेच. पिक्सेल ८ए आणि त्यानंतरच्या पिक्सेलमध्येही टक्केवारी दिसते. तुमच्या फोनमध्ये नाही म्हणताय, तर एडीबी वापरा, म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा द्यायचं अँड्रॉइडचं साधन. अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल संगणकाला लावा आणि टर्मिनलमध्ये ‘एडीबी शेल डम्पसिस बॅटरी’ ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत द्या.

यादीतल्या चार ओळी कामाच्या. लेव्हल म्हणजे टक्के. व्होल्टेज मिलीव्होल्टमध्ये येतं. टेम्परेचर अंशाच्या दहाव्या भागात असतं, ३१२ म्हणजे ३१.२ अंश. चार्ज काउंटर मायक्रोअँपिअर-तासांत, म्हणून त्याला १००० ने भागा की एमएएच मिळतात. त्यांना लेव्हलने भागून १०० ने गुणलं की आजची पूर्ण क्षमता. समजा लेव्हल ९० आणि काउंटर ३७८०००० असेल, तर ३७८० भागिले ०.९ म्हणजे ४२०० एमएएच.

एक फसगत टाळा. काही फोनमध्ये काउंटर मोजलेला नसतोच, मूळ क्षमता गुणिले टक्के एवढाच हिशोब दाखवतात. म्हणून ८०, ६० आणि ४० टक्क्यांना असं तीनदा मोजा. दर वेळी उत्तर बरोब्बर ५००० आलं तर तो आकडा टाकाऊ समजा. मग ‘डम्पसिस बॅटरीस्टॅट्स’मध्ये लर्न्ड बॅटरी कपॅसिटी ही ओळ शोधा, किंवा अ‍ॅक्यूबॅटरीसारखं अ‍ॅप टाकून २० वरून ९० पर्यंतची मोठी चार्जिंग चार-पाच वेळा होऊ द्या. ९५ वरून १०० असं चार्ज करून अ‍ॅप जो अंदाज काढतं तो निरर्थक असतो. ज्या फोनमध्ये दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात, तिथे ही अ‍ॅप्स कधी कधी निम्मा किंवा दुप्पट आकडा दाखवतात. ४५ टक्के हेल्थ बघून लगेच घाबरू नका.

आणि भागायचं कशाने? खोक्यावरचे ५००० बहुधा ‘टिपिकल’ असतात. बारीक अक्षरांत ‘रेटेड’ हा जरा कमी आकडा असतो, हमी त्याची. टक्केवारी त्यावर काढा.

सुटा स्क्रू

गणित चोख आहे, पण धागाकर्त्यांचं दुखणं क्षमतेचं वाटत नाही. क्षमता कमी झाली तर फोन लवकर उतरतो, पण शून्याजवळ जाऊनच बंद होतो. ३५ वर धाडकन बंद म्हणजे सेलचा अंतर्गत रोध, करंटला आतून होणारा अडथळा, वाढलाय. व्हिडिओ, स्क्रीन आणि फ्लॅश मिळून एकदम जास्त करंट मागतात, रोधामुळे व्होल्टेज तेवढ्यापुरतं कोसळतं आणि साधारण ३.३-३.४ व्होल्टच्या खाली गेलं की फोन स्वतःला बंद करून घेतो. भार गेला की व्होल्टेज परत वर, म्हणून चालू केल्यावर ३० टक्के दिसतात. ते ३० टक्के खोटे नाहीत, फक्त पटकन देता येत नाहीत. थंडीत रोध आणखी वाढतो, त्यामुळे हिवाळ्यात हाच फोन ४० वरही बंद पडेल.

तपासायचं असेल तर ३५-४० टक्के असताना, केबल न लावता. केबल लावली की चार्जर व्होल्टेज उचलून धरतो आणि मोजमाप बिघडतं. अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंग आहे, ते वापरा. फोन पाच मिनिटं स्क्रीन बंद ठेवून एक व्होल्टेज घ्या, मग फ्लॅश लावून सर्वांत वरच्या दर्जाचा व्हिडिओ सुरू करून दुसरं. आकडा लगेच बदलत नाही, आज्ञा पुन्हा पुन्हा द्या.

त्याआधी फोन टेबलावर सपाट ठेवून बघा. डगमगतो का? मागचं झाकण कडेने उचललंय का, स्क्रीनच्या एका भागात पिवळट डाग किंवा फट दिसते का? असं काही असेल तर सेल फुगलाय. मग मोजमापं बंद, चार्जिंगही बंद. दाबून बसवायला जाऊ नका, टोचून हवा काढायचा तर विचारही नको. आतला वायू आणि द्रव दोन्ही पेट घेतात.

किरकिरा स्पीकर

फुगलेली नाही, फोन सपाट बसतो. आकडे असे: ८० टक्क्यांना ३३१२०००, ६२ ला २५७९०००, ४० ला १६५००००. रेटेड ४८८० आहे. ३८ टक्क्यांना स्क्रीन बंद असताना ३७४०, व्हिडिओ सुरू केल्यावर ३३९०.

मिलीअँपिअर

४१४०, ४१६० आणि ४१२५. तिन्ही जवळ जवळ आणि तरी वेगळे, म्हणजे काउंटर खरा आहे. रेटेडच्या ८५ टक्के. अडीच वर्षांना वाईट नाही. पण ३५० मिलीव्होल्टची घसरण फार आहे. सुटा स्क्रू म्हणतात तेच.

शून्य ते १०० केल्याने यात काहीही फरक पडणार नाही. त्याने टक्केवारी मोजणाऱ्या चिपचा अंदाज सुधारतो, सेल नाही. टक्के उड्या मारत असतील, ६० वरून एकदम ५२, तर एकदा करायला हरकत नाही. दर महिन्याला करणं म्हणजे फुकटची झीज.

प्लगबहाद्दर

८० च्या मर्यादेबद्दल. सेलला दोन गोष्टी सोसत नाहीत, उष्णता आणि वरचं व्होल्टेज, आणि दोन्ही एकत्र तर मुळीच नाही. १०० टक्क्यांना सेल ४.४ व्होल्टच्या आसपास असतो. तिथे तासन् तास गरम राहिला की आतले थर जाड होत जातात, लिथियम त्यात अडकतं आणि रोधही चढतो. त्यामुळे फोन दिवसभर चार्जरलाच असेल, गाडीत नकाशा लावून किंवा टेबलावर, तर मर्यादा जरूर लावा. सॅमसंगमध्ये बॅटरी प्रोटेक्शन, आयफोन १५ पासून चार्ज लिमिट.

बाकीच्यांनी मात्र त्यासाठी जीव टांगणीला लावू नये. पुढे कधीतरी १५ टक्के जातील म्हणून आजपासूनच २० टक्के सोडायचे, हा सौदा मला तरी पटत नाही. रात्रभर लावायचा असेल तर अ‍ॅडॅप्टिव्ह चार्जिंग चालू ठेवा: ८० वर थांबतो, उरलेलं उठायच्या थोडं आधी भरतो. उशीखाली मात्र नको.

खरी कमाई तापमानात आहे. चार्ज होताना ४० अंशांच्या आत राहिला तर उत्तम. ४५ च्या आसपास बहुतेक फोन स्वतःच वेग कमी करतात. वायरलेस चार्जरवर जाड कव्हर काढा. चार्जिंग चालू ठेवून गेम खेळू नका, नाहीतर सॅमसंगच्या गेम बूस्टरमधला यूएसबी पॉवर थांबवण्याचा पर्याय वापरा, म्हणजे वीज बॅटरीला वळसा घालून थेट फोनला जाते. शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज करणंही वाईट, लिथियम धातूच्या रूपात साचतं आणि ते परत मिळत नाही. जुना फोन कपाटात ठेवायचा तर ५० टक्क्यांवर बंद करून, सहा महिन्यांनी पुन्हा ५० पर्यंत भरून. पूर्ण उतरलेला टाकून दिला तर सेल इतका खाली जातो की चार्जर त्याला हातच लावत नाही.

सुटा स्क्रू

या फोनला मात्र आता बॅटरी बदलणं हाच उपाय. वाढलेला रोध कुठल्याही सवयीने उतरत नाही. तोपर्यंत व्हिडिओ ५० टक्क्यांच्या वर असतानाच काढा, नाहीतर पॉवर सेव्हर लावा.

बदलताना सेलवर छापलेली निर्मितीची तारीख बघा. दोन वर्षं पडून असलेला ‘नवा’ सेल नवा नसतो, वापर नसला तरी वय होतंच. मूळ बॅटरी ५००० असताना त्याच मापात ६००० एमएएच लिहिलेली मिळाली तर ती घेऊ नका, जागा तेवढीच आहे. लेबलवर वॉट-तासही असतात: ५००० एमएएच आणि ३.८७ व्होल्ट म्हणजे सुमारे १९.३५. हा गुणाकार जुळत नसेल तर ठेवा परत. फोन उघडायच्या आधी बॅटरी २५ टक्क्यांच्या खाली आणा, चिकटपट्टी सोडवताना सेल वाकवू नका, आणि पाणीरोधक गोंद नवा लावला तरी फोन पूर्वीइतका पाण्याला टिकेल असं धरून चालू नका.

बसवल्यावर पहिले काही दिवस टक्केवारी जरा वेडीवाकडी येईल, चिपच्या डोक्यात अजून जुना सेल असतो. तेव्हा एकदा शून्य ते १०० करा, आणि व्होल्टेजची तीच चाचणी ३८ टक्क्यांना पुन्हा घ्या. घसरण शंभर-दीडशे मिलीव्होल्टच्या आत आली पाहिजे. तरीही ३०० राहिली तर कनेक्टर नीट बसलाय का ते आधी बघा, मग सेलला दोष द्या.